अनुस्फुरण : निसर्गात आणि व्यवहारात



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी सतरंजीवर बसून कोणाचे तरी बोलणे शांतपणे ऐकून घेण्याची सवय महाराष्ट्राला लागली आणि ती पुण्याहून निघून गावोगाव पसरली. त्या सवयीमुळेच आज भिगवणला, उजनीच्या पाण्याच्या काठी, आपल्यापुढे उभे राहण्याचा योग आम्हांला आला आहे. आमंत्रण देताना चालकांनी एकच अट घातली होती, की विषय विज्ञानाचा असावा, परंतु फळ्यावर समीकरणे मांडू नयेत. ही अट आम्ही आनंदाने मान्य केली. कारण चारचौघांत समीकरण मांडताना चूक होण्याचे भय आपल्यापेक्षा आम्हांलाच अधिक वाटते.

या मेजावर काचेचे चार पेले ठेवले आहेत. पहिल्यात बाजारात 'टॉनिक' म्हणून मिळणारे सोड्याचे पाणी आहे. त्यात किंचित कोयनेल असते. दुसऱ्यात पालकाची पाने चुरडून स्पिरिटमध्ये काढलेला हिरवा अर्क आहे. तिसऱ्यात धुण्याच्या पावडरचे पाणी आहे. चौथ्यात आपल्याच गावातील एका विहिरीचे पाणी आहे. दिव्याच्या उजेडात पहिला आणि चौथा पेला यांत काही फरक दिसत नाही. आता मंडळींनी दिवे मालवावेत आणि नोटा पारखण्यासाठी दुकानदार जो जांभळा टॉर्च वापरतात, तो आम्ही या पेल्यांवर धरतो. मुलांनी टॉर्चच्या तोंडाकडे मात्र पाहू नये. डोळ्यांना अपाय होतो.

(येथे सभामंडपातील दिवे मालवून प्रयोग दाखविण्यात आला.)

कोयनेलचे पाणी आभाळासारखे निळे झाले. पालकाचा हिरवा अर्क रक्तासारखा तांबडा दिसू लागला. धुण्याच्या पावडरचे पाणी निळसर पांढरे उजळले. चौथा पेला होता तसाच राहिला. दिवे लावा. या चौथ्या पेल्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत, कारण इतक्या लांब येऊन बोलण्याचे आमचे खरे कारण तोच आहे.

आपण जे पाहिले त्याला इंग्रजीत 'फ्लुओरेसन्स' म्हणतात. मराठीत त्याला अनुस्फुरण असा शब्द आहे. इंद्रधनुष्यातला शेवटचा रंग जांभळा. त्याच्याही पलीकडे प्रकाश असतो, परंतु आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याला जंबुपार किरण म्हणतात. हे किरण काही द्रव्यांवर पडले की त्यांच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन ती शक्ती घेऊन वरच्या पायरीवर चढतात, आणि लगेच खाली उतरताना घेतलेली शक्ती प्रकाशाच्या रूपाने परत देतात. मात्र घेतली तेवढी सगळी परत देत नाहीत. बाजार समितीत शंभराचा माल विकला तरी अडत आणि हमाली कापून हाती कमीच येतात. तद्वत रेणूही थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने ठेवून घेतो. म्हणून परत येणारा प्रकाश गेलेल्या प्रकाशापेक्षा दुबळा, म्हणजे अधिक तरंगलांबीचा असतो. जंबुपार जातो आणि निळा येतो. निळा जातो आणि तांबडा येतो. न दिसणारा प्रकाश दिसणारा होतो, तो असा. आणि हा सगळा व्यवहार बहुधा एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात किंवा त्याच्या थोड्या पटीत आटोपतो. म्हणून टॉर्च विझला की चमकही त्याच क्षणी विझते.

काही द्रव्ये दिवा विझल्यावरही मिनिटे, तास चमकत राहतात. घड्याळाच्या काट्यांवर किंवा मुलांच्या खोलीत छताला लावायच्या चांदण्यांवर अशी द्रव्ये असतात. ते प्रस्फुरण; त्यात इलेक्ट्रॉन मधल्या एका पायरीवर अडकून पडतो आणि सावकाश उतरतो. तिसरी गोष्ट काजव्याची. काजव्याला बाहेरचा प्रकाश लागतच नाही. तो आपल्या पोटात रासायनिक क्रियेने स्वतःचा उजेड करतो. त्याला जीवदीप्ती म्हणतात. आपली भीमा जेथे उगम पावते त्या भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर वाढणारी बुरशी रात्री हिरवट उजळते. तीही जीवदीप्तीच. या तिन्ही गोष्टी लोक एकाच नावाने सांगतात, म्हणून हा खुलासा आधी केला. आपले आजचे बोलणे पहिल्या गोष्टीपुरतेच आहे.

ही गोष्ट माणसाच्या नजरेस पडून पुष्कळ काळ लोटला. स्पेनमधील निकोलस मोनार्देस या वैद्याने १५६५ साली लिहून ठेवले, की मेक्सिकोहून आलेले एक औषधी लाकूड पाण्यात घातले की पाण्यावर निळी झाक येते. १८३३ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी पानांच्या हिरव्या अर्कातून सूर्यकिरण सोडला आणि त्यांना तो तांबडा दिसला. १८४५ साली जॉन हर्शेल यांनी कोयनेलच्या पाण्यावरची निळी झाक नोंदवली. पण हे असे का होते, याचा उलगडा १८५२ साली केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी केला. त्यांची युक्ती साधी होती. लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि त्यातून कोयनेलच्या पाण्याची नळी तांबड्याकडून जांभळ्याकडे सरकवीत नेली. तांबड्यात काही नाही, पिवळ्यात नाही, हिरव्यात नाही. जांभळ्याच्या टोकाशी नळी निळी उजळू लागली आणि वर्णपट संपून जेथे नुसता अंधार होता, तेथेही ती उजळतच राहिली. स्टोक्स यांनी या गुणाला फ्लुओरस्पार या खनिजावरून नाव दिले, कारण त्या खनिजातही हा गुण आढळतो.

आपल्या देशाचा या गोष्टीशी एक जवळचा संबंध आहे. कलकत्त्यास रामन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या रामनाथन यांना १९२३ साली निरनिराळ्या द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी फिकट, बदललेल्या रंगाची झाक दिसली. द्रव पुनःपुन्हा शुद्ध केला तरी ती जाईना. द्रवात काही मळ राहिला असेल आणि हे त्याचे दुबळे अनुस्फुरण असेल, असे तेव्हा मानण्यात आले. परंतु रामन यांचे मन त्या खुलाशावर बसेना. पुढे कृष्णन यांच्या निरीक्षणांतून ती झाक अनुस्फुरणासारखी वागत नाही, हे स्पष्ट होत गेले आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी 'रामन परिणाम' जगापुढे आला. ज्या दिवशी आपल्या शाळांत विज्ञान दिन साजरा होतो तो दिवस हाच. दुबळी म्हणून सोडून दिलेली एक झाक पुन्हा पाहण्याचा आग्रह धरला, म्हणून ते शोधून निघाले. चौथ्या पेल्याच्या वेळी हे ध्यानात ठेवावे.

आता निसर्गाकडे वळू. हे द्रव्य कोठे दिसते म्हणाल तर पहिले नाव विंचवाचे. आमच्या लहानपणी मळ्यातल्या वस्तीवर दगडी भिंत होती. पावसाळ्याच्या तोंडी चुलत्यांना त्या भिंतीतल्या विंचवाने दंश केला आणि सगळी रात्र घरात कंदील घेऊन आम्ही तो विंचू शोधत होतो. सापडला नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याच भिंतीवर आम्ही जांभळा टॉर्च धरला, तेव्हा दगडांच्या सांधीत पोपटी निळे चमकणारे तीन विंचू एका नजरेत दिसले. विंचवाच्या कवचातील द्रव्ये जंबुपार प्रकाशात अशी उजळतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांना १९५४ च्या सुमारास कळली. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कठीण होत जाते तसतशी चमक येते. विंचू मेला तरी ती जात नाही. तो स्पिरिटमध्ये ठेवला तर कालांतराने ते स्पिरिटही चमकू लागते. हा गुण विंचवाला कशासाठी मिळाला, याविषयी अनेक तर्क आहेत. एक असा, की अंगावर किती उजेड पडतो हे त्याला त्यावरून कळते आणि तो आडोसा धरतो. ते काही असो, शेतकऱ्याला मात्र या टॉर्चचा उपयोग आहे. चगाळ, गोवऱ्या, कडब्याची गंज, घराच्या भिंती रात्री एकदा तपासाव्यात. आणि दंश झालाच तर मंत्र आणि उतारे यांत वेळ न घालविता दवाखाना गाठावा. तांबड्या विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध लागू पडते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी खेड्यात राहून दाखवून दिले आणि त्यामुळे पुष्कळांचे प्राण वाचले.

घुबडांच्या अनेक जातींत नव्या पिसांच्या आतल्या बाजूला असेच द्रव्य असते. जंबुपार प्रकाशात ती पिसे गुलाबी दिसतात. जुन्या पिसांतले द्रव्य उन्हाने उडून जाते. त्यामुळे कोणते पीस यंदाचे आणि कोणते गेल्या साली आलेले, हे सांगता येते. येथे आपण विचाराल, की मग आमच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी, ज्यांना कोणी अग्निपंख म्हणतात, त्यांचा गुलाबी रंगही असाच का? तसा तो नव्हे. रोहिताचा रंग त्याच्या खाण्यातून येतो. शैवले आणि बारीक जलजीव यांतील कॅरोटिन जातीची रंगद्रव्ये त्याच्या पिसांत साठतात. ती प्रकाशातला काही भाग शोषतात आणि उरलेला परततो, एवढेच. सगळे रंग अनुस्फुरण नसतात. फार थोडे असतात.

दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून निघणारी खनिजे प्रसिद्धच आहेत. नाशिक आणि सिन्नरच्या बाजूला पॉवेलाइट नावाचे दुर्मिळ खनिज मिळते. ते जंबुपार प्रकाशात पिवळेजर्द चमकते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचा मोठा संग्रह आहे. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तो चुकवू नये.

समुद्रातल्या एका जेलीफिशने तर या शास्त्राचे नशीबच पालटले. ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने १९६२ साली तिच्या शरीरातून हिरवे चमकणारे एक प्रथिन वेगळे केले. १९९४ साली मार्टिन चॅल्फी यांनी त्या प्रथिनाचे जनुक दुसऱ्या जीवात घालून तोही हिरवा चमकतो, हे दाखविले. रॉजर चिएन यांनी त्यापासून अनेक रंगांची प्रथिने तयार केली. जिवंत पेशीत कोणते प्रथिन कोठे जाते, कर्करोगाची गाठ कशी पसरते, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले. २००८ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता व्यवहार. आपल्या घरात ज्या ट्यूबलाइटखाली मुले अभ्यास करीत, तिच्या नळीत पाऱ्याची वाफ जंबुपार किरण काढी आणि काचेच्या आतल्या पांढऱ्या लेपाने त्यांचा दिसणारा प्रकाश होई. आज बहुतेक ठिकाणी एलईडी आले. पण त्यांतही आत निळा दिवा असून वर पिवळ्या द्रव्याचा लेप असतो आणि दोहोंच्या मिश्रणाने पांढरा उजेड पडतो. यंत्र बदलले, तत्त्व तेच राहिले.

कपड्यांचे पाहा. पूर्वी पांढऱ्या धोतराला नीळ देत. नीळ म्हणजे रंग. तिने कपड्याचा पिवळेपणा झाकला जाई, पण कापड किंचित काळवंडे. मग टिनोपाल आले. वयस्कर भगिनींना ते नाव आठवत असेल. टिनोपाल हा रंग नव्हे. ते उन्हातले जंबुपार किरण घेऊन निळा प्रकाश देते. त्यामुळे कापड असते त्याहून उजळ दिसते. आता ते वेगळे आणावे लागत नाही. धुण्याच्या पुष्कळशा पावडरींत अशी द्रव्ये मिसळलेलीच असतात. आमचा हा सदरा पाहा. टॉर्च धरला की कसा उजळतो! हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे, पावडरीचा आहे.

कागदाचेही तसेच. भिगवणजवळच छपाईचा गुळगुळीत कागद करणारी मोठी गिरणी आहे, तेव्हा हे येथे विस्ताराने सांगावयास नको. छपाईच्या पांढऱ्या शुभ्र कागदांत सामान्यतः अशीच उजळ करणारी द्रव्ये घालतात. नोटेच्या कागदात ती मुद्दाम घालीत नाहीत. म्हणून जांभळ्या टॉर्चखाली खरी नोट मंद दिसते आणि तिच्यावरचे क्रमांक व धागा तेवढे चमकतात. साध्या कागदावर छापलेली खोटी नोट सगळीच्या सगळी निळसर उजळते. जास्त चमकते ते खोटे, असा हा उलटा न्याय आहे.

वैद्यकात तर या गुणाचे उपकार मोजता येत नाहीत. क्षयाच्या जंतूंना ऑरामिन नावाचा रंग दिला, की ते काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे चमकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लवकर सापडतात. मधुमेह झालेल्यांच्या डोळ्यांच्या पडद्यातील रक्तवाहिन्या पाहण्यासाठी हातातील शिरेतून फ्लुओरेसिन देतात. ही तपासणी १९६१ पासून चालत आली आहे. आणि २०२० साली आपल्यापैकी प्रत्येकाने ज्या 'आरटी-पीसीआर' अहवालाची रात्रभर वाट पाहिली, तो अहवालही अनुस्फुरणाचाच होता. घशातून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचा अंश असेल तर यंत्र त्याच्या प्रती काढते. प्रत्येक फेरीत संख्या दुप्पट होते. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर जातात. प्रत निघाली की तिच्याबरोबर एक चमकणारा रेणू मोकळा होतो. चमक ठरावीक मर्यादेवर कितव्या फेरीत गेली, तो आकडा म्हणजे 'सीटी'. छातीच्या सीटी स्कॅनशी त्याचा संबंध नाही, हे त्या वर्षी आम्हांला किती जणांना सांगावे लागले, त्याची गणती नाही.

बारामती आणि इंदापूर हा दुधाचा मुलूख, म्हणून एक गोष्ट जरा थांबून सांगतो. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता त्यांच्या खाण्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशी होती आणि त्या बुरशीने विष तयार केले होते, असे आढळले. त्या विषाला अफलाटॉक्सिन म्हणतात. त्याचे प्रकार त्याच्या चमकण्यावरूनच ओळखले गेले. निळे चमकणाऱ्याला इंग्रजी 'ब्लू' वरून बी आणि हिरवे चमकणाऱ्याला 'ग्रीन' वरून जी. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी धरलेला मका लोकांनी खाल्ला आणि यकृत बिघडून शंभरावर माणसे दगावली. आपल्याकडे मका माणूस कमी खातो. जनावरे पुष्कळ खातात. गाईने बुरशीचा मका, पेंड किंवा मुरघास खाल्ला, की त्या विषाचे रूपांतर होऊन ते दुधात उतरते. दूध तापवून ते जात नाही. आपल्या कायद्याने एका किलो दुधात या विषाची मर्यादा अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग, एवढीच ठेवली आहे. इतके सूक्ष्म प्रमाण प्रयोगशाळेतले यंत्र अनुस्फुरणावरूनच मोजते. टॉर्चने ते दिसणार नाही. मक्याच्या भरड्यात टॉर्चखाली पिवळट हिरवे ठिपके दिसले तर संशय घ्यावा. परंतु ती चमक प्रत्यक्ष विषाची नसते, बुरशीच्या दुसऱ्या द्रव्याची असते. तेव्हा ठिपके दिसले म्हणजे निकाल लागला असे नव्हे, आणि न दिसले म्हणजे माल निर्धोक असेही नव्हे. खरा उपाय मका वाळवून ठेवणे, मुरघासात हवा व पाणी शिरू न देणे, आणि बुरशीचा भाग जनावरापुढे न टाकता खड्ड्यात पुरणे हा आहे. तो फुकट आहे.

आता चौथा पेला.

पालकाच्या अर्कात आपण जे हरितद्रव्य पाहिले, तेच शैवलांतही असते. जिवंत पानात हरितद्रव्याने घेतलेली बहुतेक शक्ती अन्न करण्यात आणि उष्णतेत जाते. शेकडा एकदोन भाग तेवढे तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परततात. तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतो. नील-हरित शैवलांत याखेरीज आणखी एक निळे रंगद्रव्य असते. त्याला नारिंगी प्रकाश दिला की ते तांबडे चमकते. म्हणून होडीत बसून यंत्राची कांडी पाण्यात धरली, तर हिरवी शैवले किती आणि नील-हरित किती, हे क्षणाक्षणाला कळते. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण नील-हरितांपैकी काही जाती यकृताला अपाय करणारे विष सोडतात आणि पाणी उकळून ते विष जात नाही.

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते आणि त्यापैकी ६३ अब्ज घनफूट मृत साठा, म्हणजे दरवाज्यांतून न निघणारे पाणी आहे. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, हे आपण पाहता. या पाण्यात येते काय? तुळापूरला इंद्रायणी भीमेस मिळते. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा मिळते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, काही शुद्ध केलेले आणि काही न केलेले, या नद्यांतून येथे उतरते. त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शैवले माजतात. याच पाण्यावर येथील भोई बांधवांची चिलापी पोसते, ऊस वाढतो, सोलापूर शहर तहान भागवते, आणि हेच पाणी पुढे पंढरपुरी चंद्रभागा होते.

आम्ही पुण्यास राहतो. मघाशी जो सदरा आपल्यापुढे उजळून दाखविला, तो परवा पुण्यात धुतला. त्या धुण्याचे पाणी याच वाटेने निघाले आहे. वाटेत उन्हाने त्यातील उजळ करणारे द्रव्य बरेचसे मोडेल, काही गाळाला चिकटेल. पण सगळेच नाहीसे होईल असे आम्ही म्हणू शकत नाही. आपल्या गावी येऊन आपल्याला पाण्याविषयी उपदेश करण्याचा अधिकार पुणेकराला नाही. मात्र पुरावा कसा गोळा करावा, हे सांगता येईल.

१८७७ साली जर्मनीत असा एक वाद होता. डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी जमिनीत मुरत असे. सुमारे १२ किलोमीटरांवर आख नावाचा मोठा झरा होता. झऱ्याकाठचे लोक आणि नदीकाठचे गिरणीवाले पाण्यावरून भांडत. हे पाणी ते पाणी एकच की नाही, यावर सगळे अडले होते. शास्त्रज्ञांनी नदी जेथे मुरते तेथे १० किलो फ्लुओरेसिन टाकले. सुमारे ६० तासांनी झरा हिरवा वाहू लागला. त्यानंतर संबंध नाही असे कोणास म्हणता येईना.

आपल्या गावात दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. एक, शोषखड्ड्याचे पाणी विहिरीत उतरते की काय असा संशय असेल, तर ग्रामपंचायतीला व शेजाऱ्यांना आधी सांगून आणि जाणत्याच्या देखरेखीखाली थोडे फ्लुओरेसिन शौचालयात टाकावे आणि पुढे कित्येक दिवस विहिरीचे पाणी अंधारात टॉर्चखाली पाहावे. दुसरी गोष्ट शाळेतील मुलांनी करावी. ज्याला पावडर लागलेली नाही असा साधा, शेतातून वेचलेला कापूस घ्यावा. त्याच्या पुरचुंड्या जाळीत बांधून ओढ्यात, नाल्याच्या तोंडाशी, धरणाच्या काठी सावलीत चार दिवस सोडाव्यात. एक पुरचुंडी घरी स्वच्छ पाण्यात ठेवावी. मग सगळ्या निवळून, अंधारात वाळवून, शेजारी शेजारी मांडून टॉर्च धरावा. घरच्या पुरचुंडीपेक्षा ओढ्याची पुरचुंडी ठळक निळी उजळली, तर वर कोठेतरी धुण्याचे सांडपाणी त्यात येते आहे असे समजावे. कारण हे द्रव्य निसर्गात नसते, माणसानेच बनवलेले असते. न उजळली तर सांडपाणी नाहीच असे मात्र म्हणू नये. तारीख, जागा आणि निकाल वहीत लिहावा. एका वर्षाच्या वहीला कोणी विचारणार नाही; पाच वर्षांच्या वहीला विचारावे लागेल.

चौथ्या पेल्यात आपल्याला काही दिसले नाही. सांडपाण्यातील ट्रिप्टोफॅनसारखी द्रव्येही अनुस्फुरण करतात, परंतु त्यांना लागणारा प्रकाशही जंबुपार आणि ती देतात तो प्रकाशही जंबुपार. तेथे आपला डोळा चालत नाही, यंत्रच लागते. तशी यंत्रे आहेत. हातात धरून विहिरीवर नेता येतात. शहराने खाली सोडलेल्या पाण्याचे मोजमाप अशा यंत्रांनी या काठावर नियमाने व्हावे आणि त्याचे आकडे भिगवणच्या चावडीवर लागावेत, ही मागणी आपण करावी. पुण्यास परत गेल्यावर आम्हीही ती करू. तेथे ती अधिक जोराने करावयास हवी.

पेल्यातले पाणी ज्या विहिरीचे आहे, तिचे मालक सभेत बसले आहेत. त्यांनी ते आणून दिले तेव्हा एकच विचारले, "हे प्यायला चालते का?" त्यांना आज आमच्याजवळ उत्तर नाही. ते उत्तर मिळविण्याची रीत तेवढी आम्ही सांगितली.